निरंक

जून संपत आला की मी सगळ्या विभागांना एक परिपत्रक काढते, विद्यापीठाच्या वार्षिक अहवालासाठी माहिती मागवणारं. गेली अकरा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. परिपत्रकासोबत विहित नमुना जोडलेला असतो, त्यात बारा रकाने, त्यातला सहावा ‘प्राध्यापकांना मिळालेले पुरस्कार व सन्मान’ आणि सातवा ‘शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मिळालेले पुरस्कार व सन्मान’. सहावा भरून येतो, काही विभागांचा तर एवढा की मागे पुरवणी जोडावी लागते. सातव्यात जवळपास सगळ्यांचा एकच शब्द येतो. निरंक.

ज्यांचा सरकारी कागदांशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते, निरंक म्हणजे काही नाही, शून्य. रकाना कोरा सोडला तर फाईल परत येते, कारण कोरा म्हणजे माहिती दिलीच नाही, आणि निरंक म्हणजे माहिती दिली पण सांगण्यासारखं काही घडलं नाही. हा फरक नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मला तो तेव्हा फार व्यवस्थित वाटला होता. आता दरवर्षी तो शब्द टाईप करताना बोटं थांबतात, कारण सांगण्यासारखं घडलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

आधी सहाव्याबद्दल, कारण तो रकाना भरायला मला मनापासून आवडतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार आहे असा कुणाचा समज व्हायला नको. आमच्याकडे येणारी मुलं बहुतेक खेड्यापाड्यातली, एसटीच्या पासावर शिकलेली, आणि शिकवणारेही बरेचसे त्याच वाटेनं आलेले. अशा एखाद्या सरांचं नाव राष्ट्रीय अकादमीच्या फेलोंच्या यादीत येतं, एखाद्या मॅडमच्या कवितासंग्रहाला राज्य शासनाचा यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार मिळतो, तेव्हा अहवालात ती एक ओळ असते पण त्यांच्या गावात वेशीवर फ्लेक्स लागतो आणि ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते शिकले तिथे पेढे वाटतात. एकदा एका सरांना मी फोन केला होता, पुरस्काराचं नाव मराठीत नेमकं कसं लिहायचं विचारायला, तर ते भर पावसात तसेच भिजत ऑफिसला आले. मला वाटलं नाव लिहून द्यायला आलेत. तर म्हणाले, "ताई, ज्या कामासाठी हे मिळालंय ना, त्यातला मुख्य प्रयोग माझ्या विद्यार्थिनीनं केलाय, तिचं नाव त्या ओळीत कुठे बसेल का?" नमुन्यात तशी सोय नव्हती. आम्ही कंसात बसवलं. अहवालात ते कंसातलं नाव अजून आहे, आणि ती मुलगी आता दुसऱ्या एका विद्यापीठात स्वतः शिकवते.

सप्टेंबरच्या आसपास मग यादी येते, स्टॅनफर्डची, दोन टक्क्यांची. ती आली की व्हॉट्सअॅपवर हारतुऱ्यांचा पाऊस पडतो आणि माझा फोन दिवसभर वाजत राहतो. ही यादी नेमकी काय आहे ते मी एकदा बसून नीट समजून घेतलं, कारण आपण जे छापतो ते आपल्याला कळलं पाहिजे असं मला वाटतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सेव्हियरच्या स्कोपस या डेटाबेसवरून ती काढतात, पहिल्यांदा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. विज्ञानाच्या २२ शाखा आणि १७४ उपशाखा केल्यात, आणि सहा वेगवेगळ्या मोजमापांचा मिळून एक सी-स्कोर काढतात, म्हणजे एकूण सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरचे दिलेले संदर्भ) किती, एच-इंडेक्स (पेपरांची संख्या आणि त्यांची सायटेशन एकत्र धरून काढलेला आकडा) किती, सहलेखकांची संख्या धरून तोच इंडेक्स किती, एकट्यानं लिहिलेल्या पेपरना किती सायटेशन, एकट्यानं किंवा पहिल्या नावानं लिहिलेल्या पेपरना किती, आणि त्यात शेवटच्या नावाचे पेपर धरले तर किती. या स्कोरनं जगातले पहिले एक लाख, किंवा आपापल्या उपशाखेतले वरचे दोन टक्के, असे सगळे त्यात येतात. आणि तक्ते दोन असतात, एक आख्ख्या कारकिर्दीचा आणि दुसरा फक्त एका वर्षाचा, बातमीत मात्र दोन्ही एकच होऊन जातात, म्हणून मी प्रत्येकाला विचारते की सर, तुम्ही कुठल्या तक्त्यात आहात. काहींना राग येतो. पण आख्खी कारकीर्द आणि एक वर्ष यात फरक आहे, आणि ज्यानं तीस वर्षं एकाच विषयात घातलीत त्याच्यावर तो फरक न लिहिणं हा अन्याय आहे.

पुरस्कार विकत मिळतात हेही मला आता ओळखता येतं. नोंदणी फी भरा, ट्रॉफी न्या, बँकॉकला येऊन घेतली तर फोटो वेगळा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, प्राध्यापकांच्या भरती-बढतीसाठीच्या २०१८ च्या नियमांत आंतरराष्ट्रीय पुरस्काराला ७ गुण आणि राष्ट्रीय पुरस्काराला ५ गुण आहेत, आणि जिथे गुण आले तिथे हेही येणारच. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही. जे खरं आहे त्याबद्दल लिहायला जागा कमी पडते.

खरं काय, तर मला दोन गोष्टी आठवतात, दोन्ही आपल्याकडच्या आणि दोन्ही ताज्या. डिसेंबर २०२४ मध्ये साहित्य अकादमीचे पुरस्कार जाहीर झाले तेव्हा मराठीचा पुरस्कार सुधीर रसाळ सरांना मिळाला, विंदा करंदीकरांच्या गद्यलेखनावरच्या समीक्षेच्या पुस्तकाला. रसाळ सर म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात ज्यांच्या हाताखाली पिढ्याच्या पिढ्या शिकल्या असे शिक्षक. जन्म १९३३ चा. म्हणजे पुरस्काराच्या वेळी वय एक्याण्णव. ती बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होते आणि पहिला विचार काय आला तर आपल्या नमुन्यात हे कुठे बसेल? आमच्या नमुन्यावर वर लिहिलेलं असतं ‘कार्यरत प्राध्यापकांची माहिती’, आणि खाली ‘१ जुलै ते ३० जून’. रिटायर होऊन कित्येक वर्षं झालेला माणूस रोज टेबलाशी बसतो, एका कवीचं गद्य पुन्हा पुन्हा वाचतो, त्यावर पुस्तक लिहितो, हे नोकरीच्या कुठल्या वर्षात धरायचं? वर्गात चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही त्या पुस्तकात कुठेतरी असेल. मला समीक्षेतलं फार कळत नाही, पण एक्याण्णवाव्या वर्षी आपलं काम वाचून कुणीतरी हे चांगलं झालंय असं म्हणणं यातला आनंद मला कळतो, आणि त्या दिवशी मला उगाचच दिवसभर बरं वाटत होतं.

दुसरी गोष्ट नारळीकर सरांची. जयंत नारळीकरांना पद्मभूषण मिळालं ते १९६५ मध्ये, तेव्हा ते सत्तावीसचेही नव्हते. पुढे २००४ मध्ये पद्मविभूषण. पुणे विद्यापीठाच्या आवारात त्यांनी १९८८ मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली ती देशभरातल्या विद्यापीठांसाठीच, की तुमच्याकडे मोठी दुर्बीण नाही, मोठी लायब्ररी नाही, तर इथे या आणि काम करा. २० मे २०२५ ला ते गेले. आणि त्याच वर्षीचा विज्ञान रत्न, केंद्र सरकारचा विज्ञानातला सगळ्यात मोठा पुरस्कार, त्यांना मरणोत्तर जाहीर झाला. पण त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त जे लक्षात राहिलंय ते कुठल्याच रकान्यातलं नाही. शाळेतली पोरं सही मागायला वही पुढे करायची तर ते म्हणायचे, सही नाही देणार, पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. आणि करायचे. अशी पोस्टकार्डं महाराष्ट्रात किती घरांत जपून ठेवलेली असतील. ज्या पोराकडे असं कार्ड आहे त्याच्याकडून सरांचा सन्मान वेगळा आणि सरांकडून त्या पोराचा सन्मान वेगळा, दोन्ही एकाच पन्नास पैशांच्या कार्डावर.

वनस्पतिशास्त्राच्या लोकांकडे तर सन्मानाची अजून एक पद्धत आहे जी मला फारच आवडते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर सांतापाव नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, मूळचे स्पेनचे, सह्याद्री पायाखाली घातलेले. १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. पण सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला शास्त्रीय नावातच त्यांचं नाव दिलंय, सेरोपेजिया सांतापाउई. म्हणजे दर पावसाळ्यात कुठल्यातरी कड्याच्या गवतात ते नाव वेलीवर चढतं आणि फुलतं. आणि ते नाव देणारे कोण, तर त्याच रानात तीच झाडं शोधणारी माणसं, ज्यांना माहीत होतं की या माणसानं काय केलंय.

आता सातवा रकाना.

आमच्याकडे शिक्षकेतर म्हणजे काय काय असतं ते बाहेरच्यांना कळत नाही. परीक्षा विभागात निकालाच्या आधी तीन-तीन रात्री घरी न गेलेली माणसं असतात. हॉस्टेलच्या मावशी असतात, ज्यांना कुठली मुलगी जेवत नाहीये ते रेक्टरच्या आधी कळतं. ग्रंथालयातले एक काका होते, कॉम्प्युटर यायच्या आधीपासूनचे, त्यांना विषय सांगितला की ते रॅक नंबर सांगायचे. २०१९ मध्ये दिल्लीत जेएनयूच्या गेटवर ड्युटी करणाऱ्या एका सिक्युरिटी गार्डनं तिथल्याच रशियन भाषेच्या बीएची प्रवेश परीक्षा पास केली होती, ती बातमी मी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. पण हे सगळं लिहायला लागले की मला एकाच माणसाबद्दल लिहायचं असतं, तर त्यांच्याकडे येते.

रसायनशास्त्र विभागात आमचे मामा होते. आपल्याकडे शिपाई, लॅब असिस्टंट, सगळेच मामा, पण हे ग्लास ब्लोअर मामा. सायन्स बिल्डिंगच्या मागे पत्र्याची एक खोली, तिथे ते काचकाम करायचे, म्हणजे प्रयोगांना लागणारी काचेची उपकरणं बनवायचे. मी पहिल्यांदा तिथे गेले ती अहवालासाठी फोटो काढायला, डिसेंबर होता, बाहेर चांगलीच थंडी आणि आत भट्टीसारखं गरम. एक रिसर्चची मुलगी स्टुलावर बसलेली, हातात वहीच्या पानावर काढलेलं चित्र, आणि मामा ते चित्र बघून तिला उलटे प्रश्न विचारत होते, की इथे ट्रॅप हवाय म्हणतेस मग द्रव नायट्रोजनचं भांडं खाली कुठून सरकवणार, जागा ठेवलीयस का? तिनं चित्र परत काढलं.

मग त्यांनी काम सुरू केलं. काचेच्या नळीवर पात्यानं एक बारीक चीर पाडली, ओल्या बोटानं पुसली, काचेची एक कांडी ज्योतीत लाल करून तिचं टोक चिरेला नुसतं टेकवलं, टिक् आवाज आला आणि नळीचे दोन सरळ तुकडे. डोळ्यांना जांभळट काचांचा चष्मा. मला म्हणाले घालून बघा. काच तापली की तिच्यातल्या सोडियममुळे भगभगीत पिवळा उजेड पडतो आणि त्याच्या आड जोड दिसतच नाही, त्या चष्म्यातून तो पिवळा निघून जातो आणि आतली मऊ झालेली काच तेवढी दिसते, नारिंगी, मधासारखी. दोन्ही हातांनी नळी फिरवायची, दोन्ही हात एकाच वेगानं, एक जरा मागे पडला की पीळ पडलाच. तोंडात रबरी नळी, तिच्यातून हलकीशी फुंकर, इतकी हलकी की मला त्यांचा गाल हललेलाही दिसला नाही, फक्त जोडावरची काच जराशी फुगली आणि बसली. जोड झाल्यावर मला वाटलं संपलं. तर त्यांनी ऑक्सिजन कमी केला, ज्योत पिवळी धुरकट झाली, आणि ते तिच्यात ती नळी फिरवत बसले, काचेवर काजळी धरेपर्यंत. मी विचारलं आता काय करताय. म्हणाले, "ताई, लगेच गार केली तर आज तडकणार नाही. आठ दिवसांनी मध्यरात्री तडकेल, आणि तेव्हा आत हिचं सहा महिन्यांचं काम असेल."

स्टुलावरची मुलगी काही बोलली नाही, पण तिनं त्या वाक्याला मान ज्या तऱ्हेनं हलवली ते मला आठवतं.

सी. व्ही. रामन यांच्याबद्दल वाचताना मला या खोलीची आठवण झाली. रामन कलकत्ता विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पालित प्रोफेसर होते, प्रयोग मात्र करायचे तिथल्याच बौबाजारमधल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत, आणि तिथे त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं आशुतोष डे नावाचे मदतनीस होते, सगळे त्यांना आशुबाबू म्हणायचे. कॉलेजात न गेलेला माणूस. रामन यांच्या पेपरांवर सहलेखक म्हणून त्यांचं नाव आहे, आणि त्यांच्या एकट्याच्या नावाचा पेपर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये छापून आला. १९३० चं नोबेल रामन यांचंच, ते त्यांचंच असायला हवं. पण आपल्या मदतनीसाचं नाव पेपरवर घालायचं हे त्यांनी केलं आणि ते शंभर वर्षांपूर्वी केलं, याचं मला फार मोल वाटतं. आणि तिकडे ब्रिटनमध्ये २०१७ पासून विद्यापीठं ‘टेक्निशियन कमिटमेंट’ वर सह्या करतायत की आम्ही आमच्या टेक्निशियनना दिसतील असं करू, त्यांच्या कामाची दखल घेऊ. म्हणजे हे दुखणं फक्त आपलं नाही. पण म्हणून आपण वाट बघत बसायची का?

आमच्याकडे वर्धापनदिनाला गुणवंत कर्मचारी पुरस्कार असतो, नाही असं नाही. पण त्यासाठी स्वतः प्रस्ताव करावा लागतो, तीन प्रतींत, स्वतःच्या कामाचं वर्णन, पुरावे, कात्रणं. मी मामांना दोनदा म्हटलं, फॉर्म मी भरते, तुम्ही फक्त सही करा. दोन्ही वेळा त्यांनी एकच सांगितलं, "ताई, मी काय केलं ते मीच कसं लिहू? ज्यांच्यासाठी केलं त्यांना विचारा." तेव्हा मला ते नुसतं टाळल्यासारखं वाटलं होतं. नंतर कळलं की ते मला अगदी नेमका पत्ता सांगत होते.

झालं असं की दीड वर्षापूर्वी मी एका वेगळ्याच कामासाठी शोधगंगा उघडली होती. पीएचडीचे प्रबंध जिथे ठेवतात ती साईट, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट चालवतं. २००९ च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं सक्तीचं झालं आणि आता तिथे देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. तिथे प्रबंध एकसलग नसतो, प्रत्येक भागाची वेगळी पीडीएफ असते, मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, आणि ऋणनिर्देशाची पण वेगळी. मी चुकून ऋणनिर्देशाची उघडली. रसायनशास्त्राचा प्रबंध होता. गाईड, विभागप्रमुख, मित्रमैत्रिणी, आईवडील, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत मामा. नुसतं ‘शिक्षकेतर कर्मचारी’ असं नाही, नावानिशी, आणि पुढे लिहिलेलं की माझं उपकरण तीन वेळा फुटलं आणि तीनही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर नवीन होतं.

त्या दिवशी मी घरी उशिरा गेले. पुढचे दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत मी रसायन आणि भौतिक विभागाचे प्रबंध एकेक करून उघडत गेले, आणि जे जुने, साईटवर न चढलेले होते ते ग्रंथालयात जाऊन काढले, काळ्या रेक्झिनचे, सोनेरी अक्षरांचे, वाळवीच्या औषधाचा वास असलेले. एकूण एकतीस प्रबंधांत मामा सापडले. कुणी त्यांचं नाव चुकीच्या स्पेलिंगनं लिहिलं होतं, कुणी नुसतं ‘ग्लास ब्लोअर मामा’. एका मुलीनं लिहिलं होतं की त्यांनी मला चित्र तीनदा काढायला लावलं, तिसऱ्या चित्राच्या वेळी मला माझाच प्रयोग पहिल्यांदा समजला. मी ते वाचलं आणि स्क्रीनपासून उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. मला ते डिसेंबरमधलं स्टूल दिसत होतं. ती हीच मुलगी की दुसरी, माहीत नाही.

ऋणनिर्देशाला कुणी गुण देत नाही, त्याला सायटेशन नसतं, परीक्षकही ते पान उलटून पुढे जातात. पण ते लिहिताना कुणी कुणाला सांगितलेलं नसतं की यांचं नाव घाल. चार-पाच वर्षं घातलेला माणूस शेवटच्या रात्री, बायंडिंगवाला सकाळी दुकान उघडणार म्हणून जागत, आठवून आठवून ते पान लिहितो, आणि तेव्हा ज्यांची नावं आठवतात ती खरी असतात. मी अकरा वर्षं ज्या रकान्यात निरंक टाईप करत होते त्याचा मजकूर आमच्याच ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होता.

यंदा नमुना पाठवायच्या आधी मी रसायनच्या विभागप्रमुख मॅडमना जाऊन भेटले. ती एकतीस पानं समोर ठेवली. म्हटलं, मॅडम, नमुन्यात सन्मान म्हणजे काय याची व्याख्या कुठेही दिलेली नाही, मी नियम तपासलेत. मॅडमनी सगळी पानं वाचली. त्यातली दोन त्यांच्याच विद्यार्थ्यांची निघाली, आणि एक खुद्द त्यांची. त्या थोडा वेळ खिडकीकडे बघत होत्या, मग त्यांनी पेन घेतलं आणि सातव्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘विभागातील काचकाम तंत्रज्ञांचा एकतीस पीएचडी प्रबंधांत नावानिशी ऋणनिर्देश, सोबत यादी जोडली आहे’. सही, शिक्का. फाईल सध्या वर गेलीय. छापताना ती ओळ राहील की वरून लाल पेनानं काट बसेल ते यथावकाश कळेल, पण काट बसली तर मी परत टिपणी लावीन, आणि पुढच्या वर्षी परत.

मामा ३० जूनला रिटायर झाले. त्यांच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही, पद रिक्त आहे, पत्र्याच्या खोलीला कुलूप आहे. निरोप समारंभ विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये झाला, शाल, श्रीफळ, वडा आणि चहा. भाषणं चांगली झाली. मी त्या एकतीस पानांच्या झेरॉक्स काढून स्पायरल बायंडिंग करून नेलं होतं, वर काही लिहिलं नव्हतं. समारंभ संपल्यावर मामी शेजारी बसलेल्या आणि मामांनी ते उघडलं. मला वाटलं होतं ते स्वतःबद्दलची वाक्यं वाचतील. ते वर लिहिलेली नावं बघत होते. प्रत्येक पानावर नाव बघायचे, डोळे जरा बारीक करायचे आणि मग मामींना सांगायचे, हा तो, याला बी-चोवीसचा जॉइंट लागायचा आणि आणायचा बी-एकोणीस. ही लातूरकडची, हिच्या कंडेन्सरचं पाणी रात्री बंद झालं होतं. हा आता कॅनडात आहे. एका पानावर त्यांचा हात थांबला. "हिची व्हॅक्युम लाईन," म्हणाले. "पाच स्टॉपकॉक होते. चौथा मला मनासारखा जमला नव्हता. ती लाईन अजून आहे का हो, ताई?"

मला माहीत नव्हतं. सोमवारी मी मुद्दाम लॅबमध्ये गेले. होती. काचेच्या नळ्यांची, मध्ये मध्ये स्टॉपकॉक म्हणजे फिरवायच्या काचेच्या तोट्या असलेली, भिंतीलगत क्लॅम्प लावलेली, खाली तिच्यातली हवा खेचणारा पंप घरघरत होता, आणि पहिल्या वर्षाची एक रिसर्चची मुलगी तिच्यावर काम करत होती. तिला लाईन कुणी बनवली ते ठाऊक नव्हतं, ती आली तेव्हापासून ती तिथेच होती. मी तिथूनच मामांना फोन लावला आणि सांगितलं की आहे, चालू आहे.

"चौथा स्टॉपकॉक फिरवून बघायला सांगा," ते म्हणाले.

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तो जरा घट्टच फिरतो.

"घट्ट फिरतो म्हणजे ग्रीस वाळलंय. आधी पंप बंद करून आत हवा घ्यायला सांगा. मग जुनं ग्रीस सगळं पुसून काढायचं, टिश्यूनं, अगदी कोरडं. मग नवीन, पण थोडंसंच, दोन पट्टे, बाकी आपोआप पसरतं. आणि फिरवताना दुसऱ्या हातानं नळीला आधार द्यायचा, नाहीतर जोडावर ताण येतो... थांबा, तुम्ही तिलाच फोन द्या."

मी फोन तिला दिला. तिनं तो खांदा आणि कानाच्या मध्ये धरला, पंप बंद केला, आणि हो मामा, हो मामा, म्हणत टिश्यूपेपर शोधायला लागली.